शब्दांविना आल्बम : गिटार, फंक, रॉक आणि जॅझ-फ्यूजन

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गायक नाही, शब्द नाहीत, सगळा आल्बम गिटारच्या खांद्यावर. फंकचा ठेका, रॉकचा जोर आणि जॅझ-फ्यूजनच्या कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह) एकत्र आणून असा आल्बम करू पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या वाचकांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरांत ई हा षड्ज धरला आहे. तारा मोजताना सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी.

प्रश्न : मी आठ धुना बसवल्या आहेत. वाजवताना मजा येते, पण घरचे दोन मिनिटांत उठून जातात. "गाणं कधी सुरू होणार?" असं विचारतात. माझं चुकतंय कुठं? (उदगीर)

उत्तर : घरच्यांचा प्रश्न नीट ऐका, दोष त्यातच सापडतो. वाद्यसंगीतात गायकाची जागा गिटारने घ्यायची असते आणि तुमच्या धुनांमध्ये ती जागा बहुधा रिकामी आहे. ठेका असेल, कॉर्ड असतील, वेगवान ताना असतील, पण मुखडा नसेल.

तपासायची रीत सोपी आहे. गिटार खाली ठेवा आणि धून गुणगुणा. गुणगुणता आली नाही, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आठवली नाही, तर तो मुखडा नव्हे, बोटांच्या सवयीने निघालेले ते स्वर आहेत. मुखडा सव्वा ते दीड सप्तकात बसवा, कारण ऐकणाऱ्याचा गळाही साधारण तेवढाच फिरतो आणि तो मनातल्या मनात तुमच्याबरोबर गात असतो. दोन बारचे वाक्य वाजवा आणि अर्धा बार थांबा. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचा एक बार २.४ सेकंदांचा होतो, म्हणजे दोन बारला पावणेपाच सेकंद. एवढ्यात गायक श्वास घेतो. गिटारला श्वास लागत नाही, म्हणून वाजवणारा थांबत नाही, आणि दम ऐकणाऱ्याला लागतो.

सुरुवातीच्या ठेक्याला आठ बार, म्हणजे एकोणीस सेकंद, पुरतात. त्यानंतर मुखडा आलाच पाहिजे. तो दुसऱ्यांदा येताना काहीतरी बदला : एक सप्तक वर न्या, पुलाजवळच्या पिकअपऐवजी (तारेचे कंपन टिपणारे चुंबक) मानेजवळचा घ्या, किंवा पहिल्या वेळी बेस गप्प ठेवून दुसऱ्या वेळी आणा. सोलो १६ बारचा, म्हणजे ३८ सेकंदांचा ठेवा. ३२ बार म्हणजे सव्वा मिनिट होते; मधे ड्रमर जोर चढवणार असेल किंवा कॉर्ड बदलणार असतील तरच तेवढा घ्या. सोलोची पहिली ओळ मुखड्यातल्याच एखाद्या तुकड्यावरून उचला, ख्यालात बंदिशीचा मुखडा घेऊन बढत करतात तशी. साडेचार मिनिटांच्या आठ धुना म्हणजे ३६ मिनिटे. आल्बमला तेवढी भरपूर झाली, भर घालण्यासाठी नववी धून करू नका.

प्रश्न : लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दहा वर्षं वाजवतोय. कॉर्ड सगळ्या येतात, मेट्रोनोमचा ठोकाही चुकत नाही. पण फंक वाजवायला घेतलं की ते नाचरं होत नाही, नुसती खरखर होते. सराव नेमका काय करावा? (लातूर)

उत्तर : नाचरेपणा अडतो तो उजव्या हातात आणि खरखर होते ती डाव्या हातामुळे. दोन्ही वेगळे घेऊ.

एका बारचे १६ भाग करा. चार वेळा 'तकधिमि' म्हटले की सोळा झाले. उजवा हात सोळाही भागांवर फिरत राहतो : १, ३, ५ या जागी खाली, २, ४, ६ या जागी वर. तो एकदाही थांबवायचा नाही. स्वर कुठे ऐकू यायचा ते डावा हात ठरवतो. दाबला की कॉर्ड, सैल सोडला की नुसता 'चिक्'. १९६५ पासून फंकचे गायक जेम्स ब्राउन यांच्या बँडमध्ये वाजवणारे जिमी नोलन या पद्धतीसाठी ओळखले जातात. कोंबडी नखांनी माती उकरते तसा आवाज, म्हणून तिला 'चिकन स्क्रॅच' म्हणतात.

आता ई नाइन कॉर्ड धरा. पाचव्या तारेवर सातवी फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) मधल्या बोटाने, चौथ्या तारेवर सहावी फ्रेट तर्जनीने, आणि तिसरी, दुसरी, पहिली या तारा सातव्या फ्रेटवर अनामिका आडवी टाकून. सहाव्या तारेला मधल्या बोटाचे टोक नुसते टेकू द्या, म्हणजे ती बंद राहील. मेट्रोनोम ७२ वर लावा. कॉर्ड फक्त १, ४, ७, ११ आणि १४ या जागी दाबा, उरलेल्या अकरा जागी चिक्. ड्रमच्या स्नेअरची (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमची) थाप ५ आणि १३ वर पडते. तिथे तुम्ही कॉर्ड दाबलेली नाही हे ध्यानात घ्या. फंक नाचतो तो त्या मोकळ्या जागेवर. ऑर्केस्ट्रात नेमकी याच्या उलट सवय लागते, कारण तिथे गिटारवाल्याला प्रत्येक ठोका भरायचा असतो.

खरखरीचे, किंवा मधूनच टिणटिण वाजण्याचे कारण असे : पाचव्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला हलका स्पर्श झाला की तार बंद होत नाही, तिचा हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा बारीक उपस्वर, वाजतो. ई नाइनमध्ये अनामिका नेमकी सातव्या फ्रेटवरच आडवी असते. म्हणून सैल सोडताना करंगळीही तारांवर टेकवा. दोन ठिकाणी स्पर्श झाला की हार्मोनिकला जागा उरत नाही आणि चिक् कोरडा येतो. बोट तारेवरून उचलायचे मात्र नाही, फक्त दाब काढायचा.

पिक ०.६० ते ०.७३ मिलिमीटर जाडीचा घ्या आणि टोक तीन-चार मिलिमीटरच बाहेर ठेवा. जाड पिक सोलोला चांगला, इथे तो तारांत अडकतो. हात मनगटातून फिरवा. कोपर हलू लागला की ९५ च्या पुढे हात जड होतो. पुलाजवळचा आणि मधला पिकअप एकत्र, डिस्टॉर्शन (आवाज फाडून जाड करणारा परिणाम) शून्य.

हे ७२ वर पाच मिनिटे न थांबता जमले की मेट्रोनोम ४० वर लावा आणि त्याचा ठोका दुसरा व चौथा समजा. तुमची लय आता ८० झाली. पहिला आणि तिसरा ठोका तुम्हाला स्वतःच सांभाळायचा आहे. मेट्रोनोमबरोबर न चुकणारी पुष्कळ मंडळी इथे घसरतात, कारण आजवर त्यांनी लय धरली नव्हती, ठोक्याच्या मागे धावत होती. त्यानंतर अ‍ॅपवर बारला एकच ठोका ठेवा. रोज वीस मिनिटे करा आणि फोनवर रेकॉर्ड करून लगेच ऐका.

प्रश्न : फंक, रॉक, जॅझ-फ्यूजन हे तिन्ही एकाच धुनेत कसे आणायचे? मी एकत्र केले की गोंगाट होतो. (परभणी)

उत्तर : एकाच वेळी तिन्ही ओतले की गोंगाट होणारच. धुनेच्या प्रत्येक भागात एकाने पुढे यावे, बाकी दोघांनी मागे राहावे.

फंकमध्ये सगळी वाद्ये बारच्या पहिल्या ठोक्याशी बांधलेली असतात आणि कॉर्ड एक-दोनच पुरतात. रॉकमध्ये आवाजाची जाडी आणि एक ठाम रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा. जॅझमध्ये कॉर्ड चालतात आणि सोलो त्यांचा माग काढतो. १९६९-७० च्या सुमारास जॅझमधले ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी विजेवरची वाद्ये घेऊन जॅझला रॉकच्या ठेक्यावर आणले. त्यांच्याबरोबर वाजवलेले गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी १९७१ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा उभा केला आणि पुढे झाकीर हुसेन यांच्यासोबत 'शक्ती'. मिश्रण कसे असते हे एकाच आल्बममध्ये ऐकायचे असेल तर जेफ बेक यांचा १९७५ चा 'ब्लो बाय ब्लो' ऐका. रॉकमध्ये नाव झालेल्या गिटारवादकाने एकाही गाण्याविना केलेला आल्बम आहे तो, आणि गिटार गायकाच्या जागी उभी राहते म्हणजे काय ते त्यात कळते.

आता एक आराखडा. पहिला भाग १६ बार, लय १००, कॉर्ड ई नाइन एकटीच. मुखडा खमाज थाटाच्या स्वरांत, म्हणजे कोमल निषाद घेऊन. हा फंकचा भाग. दुसरा भाग ८ बार : ड्रमची स्नेअर दुसऱ्या व चौथ्या ठोक्याऐवजी फक्त तिसऱ्यावर, त्यामुळे लय तीच राहून निम्मी वाटते. गिटारवर डिस्टॉर्शन आणि ई, जी, ए यांच्या पॉवर कॉर्ड (फक्त षड्ज-पंचमाची जोडी). हा रॉक. तिसरा भाग ८ बार : डिस्टॉर्शन बंद, एफ शार्प मायनर सेव्हन दोन बार, बी सेव्हन दोन बार, ई मेजर सेव्हन चार बार. इथे शुद्ध निषाद आला आणि उजेड पडल्यासारखे वाटते. सोलो याच भागावर घ्या. मग ई नाइनवर परत या, म्हणजे कोमल निषाद परतला. खमाज रागात आरोहाला शुद्ध आणि अवरोहाला कोमल निषाद लागतो, तेव्हा आपल्या कानाला ही ये-जा परकी वाटत नाही.

गोंगाटाचे आणखी एक कारण आहे आणि ते बहुतेकांच्या हातून घडते : डिस्टॉर्शन चालू ठेवून पाच-सहा स्वरांची जॅझ कॉर्ड वाजवणे. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वरांच्या कंपनांची बेरीज-वजाबाकी होऊन तिसरेच स्वर तयार होतात. षड्ज-पंचमाच्या जोडीत ते सुरात बसतात, म्हणून पॉवर कॉर्ड घट्ट वाजते. गंधार, निषाद, रिषभ एकत्र आले की ते बेसूर पडतात आणि सगळा चिखल होतो. जाड आवाजात कॉर्ड हवीच असेल तर तिचे दोनच स्वर वाजवा, गंधार आणि निषाद. षड्ज बेसकडे आहेच.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकले आहे आणि आता गिटार शिकते. तानपुरा लावून मुखडा वाजवला तर गंधार टोचतो. गिटार तर ट्यूनरवर बरोबर दाखवते. शिवाय कॉर्ड बदलल्या की राग मोडल्यासारखा वाटतो. (अंबाजोगाई)

उत्तर : तुमचा कान बरोबर आहे, आणि ट्यूनरही. गिटारच्या फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेल्या असतात. त्यात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो (सप्तकाचा बाराशेवा भाग म्हणजे एक सेंट). तानपुऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक चटकन वाजवलेल्या स्वरात कळत नाही, लांबवलेल्या स्वरात टोचतो.

उपाय हातात आहे. गंधारावर थांबायचे असेल तर त्या फ्रेटवर थेट जाऊ नका. एक फ्रेट खाली, कोमल गंधारावर बोट ठेवा, तार ओढत न्या आणि पूर्ण शुद्ध गंधाराच्या किंचित अलीकडे थांबा. मींडही मिळते आणि स्वरही तानपुऱ्यात मिसळतो. तारा ९ ते ४२ च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) संचाच्या असतील तर हे सोपे जाते, १० ते ४६ च्या संचात बोटाला जास्त जोर लागतो.

कॉर्डचे म्हणाल तर थाट आणि पाश्चात्त्य मोड (तिकडच्या स्वरसप्तकांचे प्रकार) यांची जोडी उपयोगी आहे : बिलावल म्हणजे आयोनियन, काफी म्हणजे डोरियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, कल्याण म्हणजे लिडियन, आसावरी म्हणजे एओलियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन. पण ही जोडी स्वरांची आहे, रागाची नाही. कॉर्ड बदलली की कानाला षड्ज सरकल्यासारखा वाटतो आणि तुम्हाला राग मोडल्याचा भास होतो. काफीच्या स्वरांत ई मायनर सेव्हन आणि ए सेव्हन या दोनच कॉर्ड फिरवा आणि बेसला दोन्ही वेळा ई वरच धरून ठेवा. खालचा षड्ज हलला नाही की वर कॉर्ड बदलूनही सूर आपल्या घरातच राहतो.

प्रश्न : बेसवाला मिळत नाही, की-बोर्डवाला आहे. चालेल का? (हिंगोली)

उत्तर : चालेल. जॅझमधले की-बोर्डवादक हर्बी हॅनकॉक यांच्या १९७३ च्या 'हेड हंटर्स' आल्बममधल्या सर्वांत गाजलेल्या धुनेची बेसलाइन सिंथेसायझरवर वाजवलेली आहे. त्या आल्बममध्ये गिटारवादकच नाही. फंक गिटारचे काम क्लॅव्हिनेट या की-बोर्डने केले आहे. त्यातूनच तुमच्यासाठी एक सावधगिरी निघते. क्लॅव्हिनेटचा आवाज आणि तुमची ऱ्हिदम गिटार एकाच जागेसाठी भांडतात, म्हणून की-बोर्डवाल्याला डाव्या हाताने बेस आणि उजव्या हाताने ऑर्गनचे लांब सूर द्या. बेसमध्ये पहिला ठोका ठाम वाजवून स्नेअर आली की स्वर तोडायला सांगा. स्वर कधी सुरू झाला याइतकेच तो कधी संपला हेही महत्त्वाचे.

प्रश्न : गोंधळातला संबळ आणि हलगी घेऊन फंक करायचा आहे. ड्रमसेटबरोबर ठेवलं की दोन्ही एकमेकांना मारतात. (तुळजापूर)

उत्तर : कल्पना मनापासून आवडली, आणि ती जमण्यासारखी आहे. मारामारी होते कारण ड्रमरही सगळे वाजवतो आणि संबळवालाही. आधी कामे वाटून घ्या. संबळाच्या उंच बाजूला हाय-हॅटचे (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचे) काम द्या आणि ड्रमरला हाय-हॅट पूर्ण बंद करायला सांगा. ड्रमरकडे फक्त किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर. संबळाची खर्जाची बाजू किकच्या ठोक्यावर येऊ देऊ नका. दोन खोल आवाज एकदम पडले की दोन्ही फुसके होतात.

संबळाची चाल सहा मात्रांच्या अंगाची असेल तर तिला चारात कोंबू नका. सोळा भागांची वाटणी ३+३+३+३+२+२ अशी करा. संबळ तिनाच्या झोकात चालतो, शेवटच्या दोन जोड्यांत सावरतो, आणि बारच्या पहिल्या ठोक्यावर सगळे एकत्र उतरतात. गिटारनेही याच वाटणीवर कॉर्ड दाबली तर १, ४, ७, १०, १३, १५ या जागा येतात. त्यातली १३ स्नेअरची आहे, तेवढी सोडून द्या. भागाच्या शेवटी तिहाई घेतलीत तर ड्रम फिलची गरजही उरणार नाही.

हलगीचे तंत्र वेगळे. चामड्याची हलगी शेकून चढवतात आणि ताव उतरला की तिचा आवाज खाली येतो. रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या टेकचा (एका सलग ध्वनिमुद्रणाचा) आणि चौथ्या टेकचा सूर जुळत नाही, मग दोन टेक जोडताना सांधा उघडा पडतो. म्हणून पहिल्या टेकचे चार बार नमुना म्हणून ठेवा, प्रत्येक टेकआधी ते ऐकवा आणि गरज पडली की पुन्हा शेका. शेकोटी खोलीबाहेर, मायक्रोफोनपासून लांब. हलगीला मायक्रोफोन ४० ते ५० सेंटिमीटर अंतरावर लावा. जवळ लावला तर काठीचा टणकारा एवढा येतो की मिक्सिंगमध्ये तो दाबता दाबता हलगीच नाहीशी होते.

प्रश्न : घरी लॅपटॉप आणि दोन इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसवर (गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) रेकॉर्ड करतो. गिटारमधून सतत 'हूं' येते. तारांना हात लावला की कमी होते. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर तर भुणभुण फारच वाढते. (नांदेड)

उत्तर : क्रमाने तपासा, अंदाजाने वस्तू विकत घेऊ नका.

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. हूं गेली तर ती गिटारच्या पिकअपमधून येत होती. राहिली तर केबल किंवा वीज. तारांना हात लावल्यावर कमी होते ही चांगली खूण आहे : तारांची ग्राउंड वायर शाबूत आहे, गिटारच्या आतल्या खाचेला आवरण नाही. तांब्याची चिकटपट्टी खाचेत सर्व बाजूंनी लावून ती ग्राउंडला जोडा. हात लावल्यावर आवाज वाढला असता तर जॅकच्या दोन वायर उलट लागल्या आहेत असे समजायचे.

मग गिटार घेऊन जागच्या जागी फिरा. एका दिशेला हूं जवळपास नाहीशी होत असेल तर सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे किंवा अडॅप्टरचे चुंबकीय क्षेत्र पकडतो आहे. त्याच दिशेला तोंड करून वाजवा. हा फुकटचा उपाय कितीतरी स्टुडिओंत वापरतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी दिवे बंद करा. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, बारीक किरकिर बहुधा त्याचीच असते.

इन्व्हर्टरची भुणभुण तो स्क्वेअर वेव्ह प्रकारचा असल्यामुळे येते. त्याच्या विजेत ५० हर्ट्झच्या जोडीने तिच्या पटीतल्या कंपनांची रांगच असते. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, किंवा लाइट गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवर आणि यूएसबीवर चालणाऱ्या इंटरफेसवरच काम करा. एवढ्याने सोलो सहज होतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो : हूं घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. तारांना हात लावून झिणझिण्या आल्या तर वाजवणे तिथेच थांबवा आणि वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग कमकुवत असू शकते. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि हिवाळ्यात ठीक असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी होते. अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी सोडा आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.

सेटिंग : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, गिटारसाठी इंटरफेसवरचे हाय-झी बटण चालू, सर्वांत मोठा स्वर उणे १२ डीबीच्या आसपास, बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलचा, म्हणजे सुमारे पावणेतीन मिलिसेकंद. बफर ५१२ ठेवून फंक वाजवला तर आवाज उशिरा येतो, हात त्याची वाट पाहतो आणि सगळा ठेका मागे पडतो.

प्रश्न : ऑटो-वाह पेडल घेतले, पण 'वाव' असा आवाज येतच नाही. पेडल खराब आहे का? (जालना)

उत्तर : तुमच्या साखळीत कॉम्प्रेसर त्याच्या आधी असणार. ऑटो-वाह जोरात-हळू वाजवण्यातल्या फरकावर उघडतो आणि कॉम्प्रेसर तोच फरक सपाट करतो. क्रम असा ठेवा : गिटार, ऑटो-वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब. तरीही उघडला नाही तर सेन्सिटिव्हिटी वाढवा. डिलेचा वेळ लयीवरून काढा : ६०,००० भागिले लय म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. १०० च्या लयीत ६००, आणि त्याचा पाऊण भाग ४५०. फंकवर ४५० चा डिले गिटारच्या मोकळ्या जागांत बरोबर पडतो.

प्रश्न : उन्हाळ्यात फ्रेटची टोकं बोटाला लागतात, पावसाळ्यात तारा उंच होतात. दरवर्षी हेच. (बीड)

उत्तर : लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर आकसते आणि फुगते, धातूची फ्रेट तशीच राहते. एप्रिल-मे मध्ये फिंगरबोर्ड आकसून टोके बाहेर येतात. ती लगेच कानशीने घासू नका, पावसाळ्यात लाकूड परत भरते. आधी गिटार केसमध्ये ठेवा, साबणाच्या भोके पाडलेल्या डबीत ओला पिळलेला स्पंज ठेवा, आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील असे पाहा. साधे आर्द्रतामापक पुरते. दोन-तीन आठवड्यांनी टोके तशीच राहिली तरच घासून घ्या. कूलरच्या थेट झोतात गिटार ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत तर नकोच, तिथे सरस मऊ होऊन पूल सुटतो.

तारांची उंची : पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट पाहा. पाव मिलिमीटर बरोबर. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि अडला तर तिथेच थांबा. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे मानेभर सूर बरोबर येणे : बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला स्वर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (पुलावरचा तारेचा आधार) मागे, उतरता असेल तर पुढे.

प्रश्न : आल्बममध्ये एका जुन्या भावगीताची आणि एका अभंगाची चाल गिटारवर घ्यायची आहे. शब्द नसल्याने परवानगी लागत नाही ना? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : लागते. चालीचा हक्क शब्दांपासून वेगळा आहे आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. शब्द नसल्याने फक्त कवीचा प्रश्न सुटतो. अभंगात बहुतेक जण इथेच चुकतात. एकनाथांचे शब्द सर्वांचे आहेत, पण आपल्या कानात बसलेली चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असू शकते. ध्वनिमुद्रिकेवरचे नाव पाहा आणि हक्कदाराकडून लेखी परवानगी घ्या. खरोखर पारंपरिक चाल असेल तर ती मोकळी आहे, पण कुणी केलेले तिचे संगीत संयोजन जसेच्या तसे उचलू नका.

प्रकाशनासाठी प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो. त्याच धुनेची छोटी आवृत्ती काढलीत तर तिला नवा. मास्टर (अंतिम ध्वनिमुद्रण) २४ बिट वेव्ह फाइलमध्ये, सरासरी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचे माप) आसपास, शिखर उणे १ डीबीच्या वर नाही. फंकचा मास्टर याहून फार जोरात केला की किकचा ठोका दबतो आणि ठेक्याचा जीव जातो. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. वादक साथीदारांचे मानधन आणि चालीतला वाटा रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : सात मात्रांची धून आहे. तबलजी आणि ड्रमर दोघंही पक्के, पण एकत्र वाजवताना दोघं चुकतात. (धाराशिव)

उत्तर : दोघेही बरोबर वाजवत असतील, त्यांची समच वेगळी आहे. सात मात्रांच्या रूपक तालाची सम 'खाली'च्या, म्हणजे टाळी नसलेल्या, मात्रेवर येते : तीं तीं ना, धी ना, धी ना. तबल्याचा डग्गा पहिल्या मात्रेवर गप्प असतो आणि चौथ्या व सहाव्या मात्रेवर बोलतो. ड्रमर सवयीने पहिल्या मात्रेवर किक मारतो, तबलजीला ती टाळी वाटते आणि तो स्वतःला चौथ्या मात्रेवर समजतो. ड्रमरला किक चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर द्यायला सांगा, पहिल्यावर फक्त झांजेचा हलका स्पर्श. मुखड्याचा ठळक स्वर गिटारने पहिल्या मात्रेवर ठेवावा, म्हणजे समेची जागा तिघांनाही ऐकू येईल. आधी दोघांनी गिटारविना ७० च्या लयीत दहा मिनिटे वाजवावे, मग गिटारने यावे.